डिफॉल्ट चारशे मीटर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एनसीसीच्या कॅम्पवर मी पहिल्यांदा खरी रायफल हातात घेतली. पॉइंट टू-टू. पंचवीस मीटरवर कागदाचं टार्गेट, प्रत्येकाला पाच गोळ्या. पालथं पडून, श्वास रोखून पाचही मारल्या आणि निकाल बघायला धावत गेलो. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ होती. फक्त ती सगळी मधल्या काळ्या गोलाच्या चार बोटं वर होती.

आमचे उस्ताद मराठा लाइट इन्फंट्रीतले हवालदार होते. त्यांनी कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "पोरा, ग्रुप झकास पडलाय. तुझी शिस्त बरोबर आहे. साइट कुणीतरी वरच्या खुणेवर सरकवून ठेवलीय, ती बघितली नाहीस."

मला वाटलं, शिस्त म्हणजे मी गप्प पडून राहिलो त्याबद्दल बोलतायत. नंतर कळलं की फौजेच्या भाषेत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे बंदुकीचा नेमच होता. शाळेत आपल्याला लावतात ती शिस्त हा त्याच शब्दाचा आज उरलेला अर्थ. बंदुकीच्या नळीच्या टोकाला जो बारीक उंचवटा असतो त्याला 'माशी' म्हणायचे. मागची खाच, पुढची माशी आणि लांबचं लक्ष्य ही तिन्ही एका ओळीत आणायची. शिस्त म्हणजे एवढंच.

पण उस्तादांचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आधी कुणीतरी साइट वर सरकवली होती, म्हणजे ती बंदूक माझ्या टार्गेटपेक्षा लांबच्या कशासाठी तरी लावलेली होती. मी जवळचं मारायला गेलो आणि तिनं कुणा दुसऱ्याने ठरवलेल्या अंतरावर विश्वास ठेवला. कोडमध्ये असं झालं तर आपण म्हणतो, डिफॉल्ट व्हॅल्यू चुकीची होती. पुढे मी या डिफॉल्टचा इतिहास वाचत गेलो, आणि पावणेदोनशे वर्षांत चुकीच्या डिफॉल्टने किती माणसं मेली हे बघून जरा हादरलो.

आधी थोडं भौतिकशास्त्र, बारावीपुरतंच. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी पडायला लागते. म्हणून नळी किंचित वर रोखावी लागते, आणि गोळी आधी नजरेच्या रेषेच्या वर चढून मग खाली येते. साइट ३०० मीटरवर लावली असेल तर ३०० मीटरवर गोळी बरोबर नेमावर येईल, पण दीडशे मीटरवर ती नेमाच्या बरीच वर असेल. किती वर, याचा एक सोपा हिशोब आहे. लक्ष्यापर्यंत पोचायला गोळीला जितके सेकंद लागतात त्यांचा वर्ग करायचा आणि त्याला साधारण सव्वाने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं. हवेच्या विरोधामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. म्हणजे एक सेकंद लागत असेल तर वाटेत मध्यावर गोळी सव्वा मीटर वरून जाते. सगळी भानगड या एका वर्गामध्ये आहे.

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश 'ब्राउन बेस' मस्केटला हा प्रश्नच नव्हता, कारण तिला मागची साइटच नव्हती. नळीच्या पुढच्या टोकाला संगीन अडकवायची खुंटी होती, तीच माशी समजायची. गुळगुळीत नळीतून गोळी कुठेही जायची, त्यामुळे शंभर यार्डांच्या पलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता. रांगेत उभं राहायचं, समोरच्या रांगेकडे नळी करायची आणि सगळ्यांनी एकदम बार काढायचा.

मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळीला आतून पीळ असलेली आणि तरीही पटकन भरता येणारी रायफल प्रत्येक शिपायाच्या हातात आली. ब्रिटिशांची ती १८५३ ची एनफील्ड. आपल्याला तिची काडतुसं माहीत आहेत. गाईची आणि डुकराची चरबी, डमडम, मंगल पांडे, हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. तिच्या मागच्या साइटबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ती एक छोटी शिडी होती. आडवी ठेवली की पायऱ्यापायऱ्यांनी १०० ते ४०० यार्ड, उभी केली की ९०० यार्ड आणि काही बंदुकांवर त्याहून पुढे. ९०० यार्ड म्हणजे जवळजवळ सव्वाआठशे मीटर. ब्राउन बेस वापरणाऱ्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं.

पण ही गोळी हळू होती, सेकंदाला जेमतेम २७० मीटर. आता वरचा हिशोब लावा. शिडी ३०० यार्डांवर ठेवली तर गोळीला तिथे पोचायला एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागणार, म्हणजे मध्यावर ती किमान सव्वा मीटर वरून जाणार. समोरच्याच्या कमरेच्या पट्ट्यावर नेम धरला आणि तो ३०० ऐवजी १५० यार्डांवर निघाला, तर गोळी त्याच्या डोक्यावरून निघून जाईल आणि त्याला फक्त शिट्टी ऐकू येईल. लांबचं मारता येणारी ही बंदूक मधल्या पट्ट्यात आंधळी होती, आणि ते आंधळेपण टाळायचं तर शिपायाला अंतर ओळखता यायला हवं.

म्हणून १८५३ मध्येच इंग्लंडमध्ये हाइथ इथे नेमबाजीची शाळा सुरू झाली, आणि तिथे गोळ्या मारण्याइतकंच अंतराचा अंदाज घेणं शिकवायचे. किती यार्डांवर माणसाचे बेल्ट दिसतात, किती यार्डांवर चेहरा ओळखू येत नाही, अशा गोष्टी. हेच शिक्षण हिंदुस्थानात देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे डेपो उघडले आणि पलटणींमधून निवडक शिपाई तिथे पाठवले. काडतुसांची अफवा पेटली ती या डेपोंमध्ये. म्हणजे त्या शिपायांना तिथे बोलावण्याचं कारण ही नवी साइट आणि तिचा अभ्यास होता. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टीला अर्धं वाक्य मिळालं असतं तरी मला आवडलं असतं.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं, हा भाग मला सगळ्यात जास्त झोंबला. हिंदी पायदळासाठी त्यांनी १८५८ ची एक वेगळी बंदूक काढली. दिसायला हुबेहूब एनफील्ड, पण आतून नळी गुळगुळीत केलेली, पीळ नाही. आणि मागची शिडी काढून तिथे एक साधी, न हलणारी खाच. लांबून बघणाऱ्याला वाटेल, गोऱ्या शिपायाची आणि काळ्या शिपायाची बंदूक सारखीच आहे. फरक नळीत आणि नजरेत. हिंदी शिपायाला १०० यार्डांच्या पलीकडचं काही दिसायची गरज नाही, असा निर्णय कुणीतरी कागदावर घेतला आणि तो धातूत ओतला. पुढची कित्येक वर्षं हिंदी पलटणी हत्यारांत गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागे राहिल्या. १८८० साली अफगाणिस्तानात मैवंदला बॉम्बे आर्मीचे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स हे जुन्या स्नायडर घेऊन लढले आणि शेजारची ६६ वी ब्रिटिश पलटण नव्या मार्टिनी-हेन्री घेऊन. हरले सगळेच.

मैवंदच्या तीन वर्षं आधी, तिथून कितीतरी पश्चिमेला, एका दुसऱ्या साम्राज्याने आपल्याच शिपायांच्या साइट कापल्याचा हिशोब चुकता झाला होता. ही गोष्ट प्लेव्हनाची. आज हे गाव बल्गेरियात आहे, प्लेव्हेन. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात तुर्की सेनापती उस्मान पाशा इथे खंदक खणून बसला आणि रशियनांनी जुलैपासून त्याच्यावर चालून जायला सुरुवात केली.

रशियन पायदळाच्या बहुतेक तुकड्यांकडे क्रन्का नावाची रायफल होती. जुन्या बंदुकीला मागून काडतूस भरायची सोय करून बनवलेली. ती बऱ्यापैकी लांब मारू शकायची. पण साध्या शिपायाच्या क्रन्कावर मागची साइट फक्त ६०० पावलांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वाचारशे मीटरपर्यंत आखलेली होती. सार्जंट आणि खास नेमबाजांच्या बंदुकीवर १२०० पावलं. बंदूक तीच, फक्त पट्टी वेगळी. कारण सरळ होतं. साध्या शिपायाला लांबच्या खुणा दिल्या तर तो लांबूनच काडतुसं उडवत बसेल, पुढे जाणार नाही, असं रशियन सेनानींना वाटायचं. संगीन हेच खरं हत्यार आणि गोळी म्हणजे तिथे पोचेपर्यंतची सोबत, ही सुवोरॉव्हच्या काळापासूनची श्रद्धा. ती श्रद्धा त्या सहाशेच्या खुणेत कोरलेली होती.

तुर्कांकडे मात्र पीबॉडी-मार्टिनी रायफली होत्या, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधून विकत आणलेल्या. त्या लांबवर मारत. तुर्की शिपाई खंदकात, शेजारी काडतुसांच्या पेट्या उघड्या, आणि रशियन रांगा दिसल्या की हजार-दीड हजार मीटरपासूनच गोळ्यांचा पाऊस सुरू. तो काही अचूक नेम नव्हता. अनेकांनी तर डोकं खाली ठेवून, बंदूक बांधावर आडवी टाकून चाप ओढला. पण मोठ्या जमावावर वरून पडणाऱ्या गोळीला अचूक असायची गरज नसते. रशियन अजून आपल्या पहिल्या गोळीच्या अंतरावरही पोचले नव्हते, त्यांच्या साइटवर तो आकडाच नव्हता, आणि माणसं पडत होती.

आणि रशियन शेवटच्या दोनशे मीटरमध्ये शिरले की तुर्की शिपायांतले काहीजण पीबॉडी बाजूला ठेवून विंचेस्टर उचलत. खालचा लिव्हर मागेपुढे केला की पुढची गोळी तयार, अशी एकामागून एक मारता येणारी बंदूक. लांबसाठी एक बंदूक, जवळसाठी दुसरी. जवळ आणि लांब हा जो पेच आजही साइट निवडताना पडतो, तो तुर्कांनी सर्वात श्रीमंत पद्धतीने सोडवला होता: दोन्ही घ्या. रशियन आणि त्यांच्या बाजूने लढणारे रुमानियन यांचे तीन मोठे हल्ले फसले, हजारो माणसं गेली, आणि शेवटी वेढा घालून उपासमारीनेच १० डिसेंबर १८७७ ला प्लेव्हना पडलं.

प्लेव्हनाने युरोपातल्या सगळ्या सैन्यांची झोप उडवली, आणि झोप उडालेली माणसं करतात तसंच त्यांनी केलं. लंबक पार दुसऱ्या टोकाला नेला. आता प्रत्येक रायफलवर दोन हजार मीटरच्या खुणा आल्या. ब्रिटिश ली-एनफील्डला डाव्या बाजूने एक वेगळी गोल तबकडी बसवली, फक्त सामूहिक माऱ्यासाठी. छोट्या ली-एनफील्डवर तिच्यावरच्या खुणा २८०० यार्डांपर्यंत जात. अडीच किलोमीटर! त्या अंतरावर माणूस माशीपेक्षाही बारीक दिसतो, किंवा दिसतच नाही. कल्पना अशी की शंभर जणांनी एकाच हुकुमावर एकच आकडा लावायचा आणि क्षितिजावरच्या धुळीच्या लोटात गोळ्या टाकायच्या. प्लेव्हनात हे खंदकातल्या माणसांना जमलं, कारण समोरून रांगा चालत येत होत्या. पुढे रांगा चालत येणंच बंद झालं.

जर्मनांची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. त्यांची १८९८ ची माउझर रायफल २०० मीटरपासून आखलेली होती. मग त्यांनी टोकदार नवी गोळी आणली. सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास, आणि तिच्यासाठी साइट नव्याने आखली. आता सर्वात खालची खूण ४०० मीटर. त्याहून कमी लावताच येत नाही. साइट पूर्ण खाली पाडली तरी बंदूक समजते की शत्रू ४०० मीटरवर आहे. तर्क असा की गोळी इतकी वेगवान आहे, मार्ग इतका सपाट आहे, की ४०० पर्यंत कुठेही मारा, चालेल. आपला हिशोब लावून बघू: ४०० मीटरला हवेचा विरोध धरून अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ, म्हणजे वाटेत सुमारे ४० सेंटीमीटर उंची. उभ्या माणसाच्या पोटावर नेम धरला तर खरंच चालतं.

आणि मग १९१४ च्या हिवाळ्यात सगळे खंदकात गेले. खंदकात माणसाचं पोट दिसत नाही. कधी एक टोपी, कधी मातीच्या पोत्यांमधली फट, शंभर-दीडशे मीटरवर. त्यावर नेम धरून मारलं तर गोळी फूटभर वरून जाणार. शिपायांना सांगावं लागलं की खाली धर, अजून खाली धर. हजारो बंदुकांचा एक डिफॉल्ट चुकला होता आणि त्याचा पॅच प्रत्येक शिपायाच्या डोक्यात, रोज, नव्याने टाकायचा होता. ज्यांनी युजर मॅन्युअलमध्ये "हे असंच वापरा" असं लिहून बग बंद केलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. पुढच्या पिढीच्या जर्मन रायफलवर, दुसऱ्या महायुद्धातल्या कार-९८-के वर, साइट पुन्हा १०० मीटरपासून सुरू होते.

ब्रिटिशांनी १९१६ मध्ये ती बाजूची तबकडी काढूनच टाकली. ज्यांना सपाट रणांगण मिळालं त्यांच्या अडचणी वेगळ्या होत्या. मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत वाळवंटातल्या मृगजळाने दोन्ही बाजूंना छळलं. माणसं हवेत तरंगताना दिसायची, झुडपं घोडेस्वारांसारखी. साइटवर कितीही बारीक आकडे कोरा, कुठला आकडा लावायचा हे शेवटी डोळ्याने ठरवायचं, आणि डोळ्यासमोरची हवाच खोटं बोलत होती.

दुसऱ्या महायुद्धातली एक साइट मला मनापासून आवडते. ब्रिटिशांच्या नंबर ४ रायफलवर सुरुवातीला छान मायक्रोमीटरसारखी, १३०० यार्डांपर्यंत एकेक खूण सरकणारी साइट होती. बनवायला वेळ आणि पैसा लागायचा. युद्धात तेवढा वेळ कुणाकडे होता? त्यांनी इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पत्र्याची एक पट्टी बसवली, तिला दोन भोकं. एक ३०० यार्डांचं, उलटवलं की दुसरं ६०० चं. बस. तेराशेपर्यंतचे सगळे आकडे दोन भोकांत बसवले आणि युद्ध चाललं. जुगाड म्हणून हिणवायचं असेल तर हिणवा, पण कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं की शिपाई प्रत्यक्षात कितीवर मारतो.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला १९५२ मध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी जोडलेल्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसमध्ये नॉर्मन हिचमन यांनी एक अहवाल लिहिला. लढायांतल्या जखमा, नकाशे, आणि जमिनीच्या उंचसखलपणामुळे माणसाला मुळात किती लांबचं दिसतं, हे सगळं तपासून निष्कर्ष काढला की रायफलीची जवळपास सगळी उपयुक्त मारामारी ३०० यार्डांच्या आत होते. त्याहून लांब साधा शिपाई लक्ष्य बघूच शकत नाही, झाड नाहीतर टेकडी मध्ये येते. प्लेव्हनानंतरची पंचाहत्तर वर्षं सैन्यं ज्या आकड्यांसाठी धातू घासत होती, ते आकडे बहुतेक वेळा वापरलेच गेले नव्हते.

रशियनांनी तोवर आपला धडा वेगळ्या मार्गाने घेतला होता. एके-४७ च्या मागच्या साइटवर आकड्यांच्या आधी एक अक्षर असतं, रशियन 'П'. ते 'पोस्तोयान्नी'चं पहिलं अक्षर, म्हणजे कायमचं, स्थिर. अक्षरशः डिफॉल्ट. साइट तिथे ठेवायची, समोरच्याच्या कमरपट्ट्यावर नेम धरायचा आणि ३०० मीटरच्या आत अंतराचा विचारच करायचा नाही. गोळी वाटेत फूटभर वर चढेल, पण माणसाच्या अंगाबाहेर जाणार नाही. जर्मनांच्या ४०० मध्ये आणि या 'П' मध्ये तत्त्व एकच आहे. फरक इतकाच की रशियनांना हवं तर १०० ची खूणही लावता येत होती. अमेरिकन एम-१६-ए-२ वर हेच काम दोन भोकांनी केलं. मोठं भोक शून्य ते २०० मीटरला, पटकन आणि कमी उजेडात. उलटवलं की छोटं भोक, ३०० ते ८०० ला. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं ॲपर्चर ज्यांनी हाताने बदललंय त्यांना लगेच कळेल. छोट्या भोकातून बघितलं की जवळची माशी आणि लांबचं लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, पण चित्र अंधारतं.

आपल्याकडे इशापूरला १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ ची जी बोल्ट रायफल बनली, तिच्या पहिल्या आवृत्तीवर साइट २००० मीटरपर्यंत होती. लगेच पुढच्या आवृत्तीत ८०० मीटर. बाकी बंदूक जवळपास तीच. मला हा बदल एखाद्या कमिट मेसेजसारखा वाटतो: "अवास्तव व्हॅल्यू काढली." पुण्यात पाषाणला मी रोज ऑफिसला जाताना ज्या भिंतीजवळून जातो, ती एआरडीईची, शस्त्रं डिझाइन करणाऱ्या सरकारी संस्थेची. इन्सास रायफल तिथे जन्मली. सिग्नलला थांबलो की मनात येतं, आत कधीतरी कुणी चार माणसांनी टेबलाभोवती बसून पहिली खूण किती मीटरची, यावर वाद घातला असेल.

इथपर्यंत सगळी गोष्ट धातूची होती. काचेने प्रश्न बदलला, पण सोडवला नाही.

डोळ्याची मर्यादा अशी की मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य यांतल्या एकाच गोष्टीवर तो फोकस करू शकतो. दुर्बीण बसवली की तिन्ही एकाच प्रतलात येतात, नेमाची खूण आणि लक्ष्य सोबतच स्पष्ट. ब्रिटिशांनी १९५१ मध्ये ईएम-२ नावाच्या रायफलवर हे करून बघितलं, तेही मोठं न करता, जसं आहे तसं दाखवणारी काच. रायफल स्वीकारली गेली आणि चर्चिल सत्तेवर येताच बाजूला पडली. पुढे त्यांनी एसएलआरवर चारपट दाखवणारी ट्रायलक्स साइट उत्तर आयर्लंडमध्ये वापरली, आणि १९८० च्या दशकात नव्या रायफलसोबत चारपटीची सुसॅट साध्या शिपायालाच दिली. चारपटीने ४०० मीटरवरचा माणूस १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो. पण दाराआड, जिन्यावर, पाच मीटरवरचा माणूस या काचेत फक्त एक शर्ट असतो. कुठला हात, कुणाचा हात, त्यात काय आहे, काही कळत नाही.

याच्या बरोबर उलटं औषध स्वीडनमधून आलं. १९७५ मध्ये एमपॉइंट कंपनीने पहिली लाल ठिपक्याची साइट बाजारात आणली. काचेतून जग जसंच्या तसं दिसतं, त्यावर एक लाल ठिपका. डोळा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. जवळ याच्यासारखं काही नाही. लांब मात्र तो ठिपका माणसाला झाकून टाकतो आणि माणूस मोठा काही होत नाही.

मग दोन्ही हवं म्हणून जे जे प्रयोग झाले ते बघितले की प्लेव्हनातले तुर्क आठवतात. जर्मनांनी जी-३६ रायफलवर खाली तीनपटीची दुर्बीण आणि तिच्या डोक्यावर लाल ठिपका, अशी दुमजली रचना केली. कुणी लाल ठिपक्याच्या मागे बिजागरीवर भिंग लावलं, हवं तेव्हा मध्ये आणायचं. कुणी बाजूला ४५ अंशांवर दुसरी साइट ठेवली, बंदूक मनगटात फिरवली की ती समोर. ट्रिजिकॉन कंपनीचे ग्लिन बिंडन यांनी सगळ्यात हुशार वाट शोधली. त्यांची चारपटीची काच दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरायची. बंदूक वेगाने फिरत असताना मोठं केलेलं चित्र धूसर होतं, आणि मेंदू आपोआप दुसऱ्या डोळ्याचं साधं चित्र घेऊन त्यावर फक्त चमकती खूण चिकटवतो. बंदूक थांबली की मेंदू परत मोठ्या चित्राकडे. म्हणजे जवळ-लांबचं बटण माणसाच्या डोक्यातच होतं. सगळ्यांच्या डोक्यात ते सारखं चालत नाही, हा भाग वेगळा.

इराकच्या गल्ल्यांमध्ये लाल ठिपका राजा होता. अफगाणिस्तानच्या डोंगरांत तीच माणसं, तीच बंदूक, आणि समोरचे लोक पलीकडच्या धारेवरून मारायचे. अमेरिकन मेजर थॉमस एअरहार्ट यांनी २००९ मध्ये एका प्रबंधात दाखवलं की तिथल्या निम्म्याच्या आसपास चकमकी ३०० मीटरच्या पलीकडे होतायत आणि सैन्याचं शिक्षण ३०० वर थांबलंय. हिचमन यांचा आकडा चुकला नव्हता. तो युरोपच्या आणि कोरियाच्या जमिनीचा होता, हिंदुकुशचा नव्हता. मग काहीच मोठं न करण्यापासून सहापट-आठपटीपर्यंत फिरवता येणाऱ्या दुर्बिणी साध्या शिपायाच्या बंदुकीवर आल्या. वजन जास्त, डोळा नेमक्या जागी ठेवावा लागतो, आणि फिरवायची कडी ऐन वेळी चुकीच्या टोकाला असते. उस्ताद म्हणाले असते, साइट बघितली नाहीस.

आणि आता माझ्या धंद्यातली माणसं यात आली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकन सैन्याने व्होर्टेक्स कंपनीला एक्सएम-१५७ या साइटचं कंत्राट दिलं, दहा वर्षांत अडीच लाखांपर्यंत नग. एक ते आठपटीची दुर्बीण, त्यातच लेझरने अंतर मोजायची सोय, हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर, होकायंत्र, आणि हे सगळं गिळून गोळीचा मार्ग काढणारा छोटा कॉम्प्युटर. बटण दाबा, काचेत ठिपका योग्य जागी येतो. हाइथच्या शाळेत जे महिनाभर शिकवत ते एका सेकंदात. डमडमला ज्यासाठी शिपाई बोलावले ते काम आता फर्मवेअर करतं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या स्वतंत्र चाचणी कार्यालयाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात या साइटवर एक छोटा परिच्छेद आहे. शिपायांनी तिच्या वापरसुलभतेला सरासरीपेक्षा खालचे गुण दिले, आणि ७२ तासांच्या एका मोहिमेत गंभीर बिघाड न होता ती टिकण्याची शक्यता कमी आढळली. हा परिच्छेद मी ऑफिसात लंचला वाचला. शेजारी बसलेल्या टेस्टर मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "बॅटरी गेल्यावर काय दिसतं?"

बॅटरी गेल्यावर काचेवर कोरलेली साधी खूण तेवढी उरते.